कुणी ओरडत नाही

(रविवारची संध्याकाळ. फोन स्पीकरवर लावून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेला. बाबा बाहेरच्या खोलीत. पलीकडे नोकरीसाठी परदेशी गेलेली धाकटी.)

ताई : पण तुझा तो साहेब म्हणाला काय, ते सांग ना.

धाकटी : ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला.

ताई : म्हणजे?

धाकटी : तेच तर कळत नाहीये मला.

ताई : पहिल्यापासून सांग. मी भांडी लावतेय, मला घाई नाही.

धाकटी : अगं, आमच्याकडे औषधाच्या बाटल्या भरायची लाइन आहे ना, तिच्या गिअरबॉक्सचा आवाज मला वेगळा वाटला. किंचित खरखर. मी लाल बटण दाबलं. सगळी लाइन बंद. उघडून पाहिलं तर आत काही नाही. तेल स्वच्छ, दाते शाबूत.

ताई : आणि बाटल्या?

धाकटी : उभ्या. माणसंही उभी. साहेब आला, आत डोकावला, ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला. मग म्हणाला, थांबवलंस त्याबद्दल धन्यवाद. आणि मला कॉफी आणून दिली. स्वतः.

ताई : मग बिघडलं काय? चांगला माणूस दिसतोय.

धाकटी : उद्या सकाळी त्याने केबिनमध्ये बोलावलंय. ‘जरा बोलू’, एवढंच. माझी तीन महिन्यांची मुदत संपतेय, ताई. कायम करणार की घरी पाठवणार, ते उद्याच ठरणार.

ताई : कॉफी पाजून कुणी काढून टाकतं का?

धाकटी : इथे टाकतात. मागे एकासाठी केक आणला होता. मी टाळ्या वाजवल्या, अभिनंदनसुद्धा केलं. नंतर कळलं, त्याला काढलं होतं.

ताई : अगं बाई.

धाकटी : आधीच्या कंपनीत असं बटण दाबलं असतं तर मॅनेजरने सगळ्यांदेखत माझी सालटी काढली असती. आणि दुपारी डबा घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसला असता. विषय संपला. इथे कुणी ओरडतच नाही, म्हणून विषय संपतच नाही. मी राजीनामा लिहून ठेवलाय.

ताई : तो कशाला आता?

धाकटी : त्यांनी काढण्याआधी आपण निघालेलं बरं.

ताई : शाबास. म्हणजे इथंही आत काही आहे का ते बघायच्या आधीच लाल बटण.

धाकटी : तुला चेष्टा सुचतेय.

ताई : मग विचार की त्याला सरळ. रागावलात का म्हणून.

धाकटी : साहेबाला असं कुणी विचारतं का?

ताई : आपल्याकडे नाही विचारत. तिकडचं तुला माहीत.

धाकटी : मला घरचंही कळेनासं झालंय. ताई, बाबा रागावलेत का गं माझ्यावर?

ताई : का?

धाकटी : मी इकडे आल्यापासून ‘बाळा’ म्हणतात. बरी आहेस ना बाळा, काळजी घे बाळा. ठमी म्हणायचे, कार्टी म्हणायचे, काय वाटेल ते म्हणायचे. जन्मात कधी बाळा म्हणाले नव्हते. थेट त्या साहेबासारखे बोलतात.

ताई : थांब. बाबा, जरा इकडे या.

धाकटी : ताई, नको ना.

बाबा : काय गं बाळा? बरी आहेस ना?

ताई : घ्या.

धाकटी : बरी आहे. बाबा, एक विचारू? मी इकडे आले म्हणून तुम्ही रागावलाय का?

बाबा : कोण म्हणालं?

धाकटी : कुणी नाही. तुम्ही ओरडत नाही आता.

बाबा : ओरडण्यासारखं काही केलंयस का?

ताई : सांग की. टेस्टरचं सांग.

धाकटी : गप गं.

बाबा : कुठला टेस्टर? माझा, वीज तपासायचा?

धाकटी : मी आणलाय. न विचारता. कपड्यांच्या खाली घालून.

बाबा : असं होय. असू दे. असू दे बाळा.

धाकटी : बघितलंस? हे असं करतात.

ताई : बाबा, त्या टेस्टरपायी तुम्ही घरातले सगळे खण उपसलेत. आईला बोललात, मला बोललात, शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला.

बाबा : मग काय करू? इतक्या लांबच्या माणसावर ओरडायचं कसं? इथं असतीस तर ओरडलो असतो. तू तोंड फुगवून बसली असतीस, रात्री पानावर आलीस की मिटलं असतं. तिथं फोन ठेवला की तू एकटी. समजूत कोण काढणार?

धाकटी : मला वाटलं, तुम्ही हात झटकलेत.

बाबा : झटकायला तू काय धूळ आहेस?

धाकटी : मग ओरडा ना, बाबा.

बाबा : असं सांगून ओरडता येत नाही.

ताई : येईल. परवा टेस्टरशिवाय बाथरूमचा दिवा बघायला गेलात आणि झटका बसला, तो आठवा.

धाकटी : झटका बसला? बाबा, मेन बंद केला नव्हता?

बाबा : तू मला शिकवू नकोस, ठमे. वस्तू उचलायची, सांगायचं नाही, आणि वर अक्कल शिकवायची. घर आहे की धर्मशाळा? इंजिनिअर झालीस, पण घेतलेली वस्तू सांगून घ्यावी एवढं कळत नाही. त्या साहेबाला म्हणावं, हिला ठेवून घेणार असाल तर संध्याकाळी पाने-पकडी मोजून घेत जा.

धाकटी : हो.

बाबा : हो काय, हो? रडतेस?

धाकटी : थोडी. पण बरं वाटतंय.

बाबा : ऐक हिचं.

धाकटी : पण बाबा, उद्याचं मला अजून काहीच कळलेलं नाही.

बाबा : मला तर ती कॉफीही कळलेली नाही. बाहेर ऐकू येत होतं सगळं. तो राजीनामा राहू दे बाजूला, आधी तो काय बोलतो ते ऐकून घे. जेवलीस?

धाकटी : नाही अजून. इथे आता दुपार आहे.

बाबा : मग घे वाढून. फोन ठेवू नकोस, तसाच समोर राहू दे. ताई, आईला हाक मार आणि आपलंही वाढ.