दोन्हीकडे उघडेल अशी डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक काकू नवी हार्ड डिस्क घेऊन काउंटरला टेकून उभ्या होत्या. दुकानातला मुलगा त्यांना विचारत होता,

"काकू, फॉरमॅट कोणता करू? कॉम्प्युटर कुठला आहे?"

"माझा कुठला रे! मुलं आपापले लॅपटॉप आणतील. थोरल्याचा विंडोज, धाकट्याचा मॅक."

"मग एक्सफॅट करतो, दोन्हींवर चालेल. फक्त चालू असताना वायर ओढायची नाही, फाइली बिघडतात."

"दोघंही ओढणाऱ्यातलेच आहेत."

"मग दोन भाग करू? थोरल्याचा वेगळा, धाकट्याचा वेगळा."

"नको बाबा. घराचे केलेत तेवढे पुरेत."

"ठेवायचं काय आहे यात?"

"आमच्या ह्यांचा आवाज. शेवटच्या आजारपणात नऊ तास बोलून ठेवलंय. दोघांनी एकत्र बसून ऐका, म्हणाले होते."

"ऐकलं?"

"दोन वर्षं झाली. एकाला सवड असते तेव्हा दुसऱ्याला नसते."

"मग सोपं आहे की! अजून एक डिस्क घ्या. दोघांना एकेक देऊन टाका, तुमची दगदग संपली."

"एकेक दिली, तर माझ्याकडे कशाला येतील ते? तू एकच कर. दोन्हीकडे उघडेल अशी."