खालच्या ओळी

रविवारचा मराठी सिनेमाचा एकुलता एक खेळ सुटला. हिनकलच्या बसच्या रांगेत उभ्या कमलिनीच्या कानावर मागून एका बापलेकीचं मराठी पडलं. साताऱ्याहून या कन्नड मुलखात आल्यापासून असं कन्नड शब्द मिसळलेलं मराठी तिनं ऐकलं नव्हतं. ती न वळता ऐकत राहिली.

"वर्षभर वाट बघितली, अन् हे? साकू, पुरे आता."

"मला बरा वाटला, अप्पा."

"तुला सिनेमातलं मराठी कुठं कळतंय, सहना? खालच्या इंग्रजी ओळी वाचत बसलेलीस."

"हो, वाचत होते."

"आमच्या अज्जांचं मराठी ऐकायला हवं होतंस. हे सुम्ने, उगाचच भरभर बोलतात. एक वाक्य मनाला लागलं नाही."

"विनोद तरी बरे होते, अल्वा? हो ना?"

"कसले विनोद? थिएटरातली ती पुण्याकडची माणसं उगाच हसायची. आपल्या आधीच."

"आपल्या आधी?"

"मग काय."

"अप्पा, मी ओळ वाचून झाली की हसत होते."

"बरं, मग?"

"तुम्ही दर वेळी माझ्याबरोबरच हसलात."

बस आली तेव्हा अप्पांनी लेकीला आधी चढायला सांगितलं, ते कन्नडमध्ये.