डाव्या पायाचं सांगायचं

दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं बसलं होतं.

“आत गेल्यावर पायाचं सांगायचं.”

“अगं, फुगलेली रक्तवाहिनी पोटात. नळी बसवली पोटात. पायाचा काय संबंध?”

“त्या नळीला खाली दोन फाटे आहेत, एकेका पायाला रक्त नेणारे. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.”

“वय झालं की पाय दुखतातच.”

“मग दोन्ही दुखले असते. तुमचा डावाच दुखतो आणि गारही लागतो.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? चालताना मध्येच थांबून दुकानांच्या पाट्या वाचता. काल शिंप्याची पाटी दोनदा वाचलीत.”

“पुन्हा कापायचं म्हणाले तर?”

“तर कापू देत. पाय गेला तर तुम्हाला उचलणं मला जमणार नाही.”

“बरं, तूच सांग.”

“जन्मभर तुमच्या वाटचं बोलले. आज तोंड उघडणार नाही.”

त्यांचा नंबर आला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“काय आजोबा, काही त्रास?”

आजोबांनी बायकोकडे पाहिलं; ती खिडकीबाहेर बघत होती.

“एकशे दहा पावलं चाललो की डावी पोटरी दगडासारखी होते, डॉक्टर. गेल्या महिन्यात दीडशे चालत होतो.”