सुमनताई, गोळी घेतली का?

हे ऐका, चहा गार झाला तरी चालेल. बायको जाऊन वर्ष होत आलं, पण मोबाइलातलं गोळ्यांचं ॲप रोज सकाळी विचारतंच, “सुमनताई, गोळी घेतली का?” खाली दोनच बटणं: ‘घेतली’ आणि ‘थोड्या वेळाने’.

मी कंपनीला कळवलं, “पेशंट राहिला नाही, असंही एक बटण ठेवा.”

उत्तर आलं, “सूचनेबद्दल आभार. सुमनताईंना उत्तम आरोग्य लाभो!”

जन्मभर कारकुनी केली, पण न वाचता उत्तर देण्यात इतका हात माझाही बसला नव्हता.

माझा जुना दोस्त, भोकरचा देशमुख म्हणाला, “मग कशाला ठेवून राहिलास? काढून टाक की ते ॲप.”

“काढलं असतं रे. पण मी तिला कायम ‘अगं, ऐकलं का’ अशीच हाक मारली. घरात तिचं नाव घेणारं आता तेवढंच हाय.”