तेरा मीटरचं रिंगण

झूटरमेर या डच शहरातल्या बसमध्ये मागच्या सीटवरून चक्क मराठी ऐकू आलं आणि मी लगेच गाणी बंद केली. आजी आणि नातू होते.

“आजी, उद्या वर्गात मला अमेरिकेतल्या जुन्या सर्कशीवर बोलायचंय. दोनशे वर्षांपूर्वी ते तंबू घेऊन गावोगाव फिरायचे. रिंगण मात्र सगळीकडे सेम, तेरा मीटर!”

“तेवढंच हवं. तेवढ्या गोलात घोडा आत झुकून पळतो, म्हणून पाठीवर उभं राहता येतं.”

“हे गूगलवर वाचलंस?”

“माझ्या तळपायांना विचार.”

“तू? घोड्यावर उभी?”

“सात वर्षं. मग लग्न ठरलं आणि आई म्हणाली, सासरी अवाक्षर काढायचं नाही.”

“बाबांना माहितीये?”

“तुझ्या आजोबांनासुद्धा कळलं नाही कधी.”

“वॉव! पण हे सांगितलं तर टीचरला सोर्स लागतो. शेवटच्या स्लाइडवर पूर्ण नाव लिहावं लागेल. आणि बाबा संध्याकाळी सगळ्या स्लाइड बघणारेत.”

दोन स्टॉप गेले. त्यातला एक माझा होता.

“लिही. इंदुमती कासेगावकर. माहेरचं नाव. सर्कशीत तेच पुकारायचे.”

“बाबा विचारतील, आजीचं नाव इथे कसं?”

“विचारू दे की. मी शेजारीच बसलेली असेन.”