उलट्या पावलांचं पीक

ताई : खिडकी का उघडलीस? आईला गार लागतं.

धाकटा : वास येतोय, ताई.

ताई : आजारी माणसाची खोली आहे. अत्तराचा येणार का?

धाकटा : हा आजारपणाचा वास नाही. मी याच वासात वाढलोय. कुठे ठेवलीयस अफू?

ताई : हळू बोल. आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय.

धाकटा : उद्या सकाळी पथक येतंय. घरोघर बघणार आहेत, सोबत हुंगणारं कुत्रं आहे. मी ऑफिसात कुणाला न सांगता आलोय.

ताई : पथक म्हणजे तुम्हीच की. आपलेच दात, आपलेच ओठ.

धाकटा : मी अफूच्या जागी लावायची रोपं वाटतो. पीक तोडणारी माणसं वेगळी.

ताई : गाडी एकच असते पण.

धाकटा : ताई!

ताई : बरं, सापडली तर काय करतील? म्हातारीला बेड्या घालतील?

धाकटा : तिला कुणी हात लावणार नाही. गाव बाद होईल. एका घरात सापडलं तरी अख्ख्या गावाची योजना बंद. रोपं, पाण्याचे पाइप, झाडं फळाला येईपर्यंतचं धान्य, सगळं.

ताई : म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळायचं. कुणी केला हा नियम?

धाकटा : वरून आलाय.

ताई : वरून म्हटलं की आम्हाला देव वाटतो. देव तरी ज्याचं त्याला बघून शिक्षा देतो म्हणे.

धाकटा : खालच्या वस्तीनं माझ्या शब्दावर उभं पीक नांगरलं, ताई. ‘मावशींचा मुलगा सांगतोय, मग खोटं नसेल,’ म्हणाले.

ताई : मीही नांगरलंच ना? फुलोऱ्यात होतं. तुझे अक्रोड लावले. काल पाणी घालताना त्यातला एक पायाखाली आला.

धाकटा : पायाखाली? असा कसा?

ताई : उलटी चालत होते.

धाकटा : अगं, अक्रोडाच्या ओळीत उलटं कशाला?

ताई : हस, हस. जन्मभर बोंडांना चिरा दिल्या. चीर दिली की चीक सुटतो, कपड्याला पुसला की गेला. म्हणून मागे मागे सरकत जायचं. पायांना तेवढंच येतं. तुम्ही पर्यायी पीक दिलंत, पर्यायी पाय कुठून आणू?

धाकटा : मलाही आईनं तसंच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी बांधावरून पाठीवर पडलो होतो.

ताई : आणि रडलास. आणि तिनं दिवसभर तुला शेताच्या टोकाला बसवून ठेवलं.

धाकटा : कुठे आहे ती, ताई?

ताई : उशीत. शिवून टाकलीय.

धाकटा : आईच्या उशीत?

ताई : मग कुणाच्या? दुखायला लागलं की तेवढ्यानंच शांत होते. नाहीतर ती कशी होते ते तू बघितलं नाहीस. दात रोवून उशी चावते. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून! मरतानाही लाज.

धाकटा : दवाखान्यात काही देत नाहीत?

ताई : डॉक्टर चांगला आहे बिचारा. म्हणाला, या दुखण्याला एकच औषध लागू पडतं आणि ते याच चिकापासून होतं. पण ते ठेवायला परवाना लागतो, तो आमच्या दवाखान्याकडे नाही. शेतातलं उपटलंत आणि कपाटातलंही दिलं नाहीत. आता तूच सांग, मी कुठे जाऊ?

धाकटा : परवान्यासाठी मीही मागे लागलोय. फाईल पुढे गेलीय.

ताई : तिचं दुखणंही पुढे गेलंय.

धाकटा : दे ती मला. वाटेत नदीत टाकतो.

ताई : नाही देणार. गाव आपलं बघून घेईल.

धाकटा : याच गावानं तिला खांद्यावरून दवाखान्यात नेलं होतं. रस्ता खचला होता तेव्हा. विसरलीस?

ताई : ते मध्ये आणू नकोस.

धाकटा : ज्यांनी खांदा दिला त्यांचीच पोरं धान्याविना राहतील.

ताई : आणू नकोस म्हटलं ना!

आई : उसव ती उशी.

ताई : आई? जागी आहेस तू?

आई : तुम्ही दोघं भांडताना मी कधी झोपलेय? कात्री फडताळात आहे.

ताई : अगं, उद्यापासून तुझं काय होईल, कळतंय का तुला?

आई : दुखणं माझं आहे. मला नाही कळणार तर कुणाला? बारक्या, त्या अक्रोडाला फळ कधी येतं रे?

धाकटा : सात-आठ वर्षं लागतात, आई.

आई : तहान लागल्यावर विहीर खणताय. पण खणताय तरी. खणू दे गं त्यांना.

धाकटा : मी तुला शहरात नेतो. तिथे मोठ्या दवाखान्यात...

आई : ही हाडं तो घाट उतरतील का? खोटं बोलताना अजून कान चोळतोस तू.

ताई : निदान आजच्यापुरता तुकडा ठेवते.

आई : नको. तुकडा ठेवला काय नि सगळी ठेवली काय, कुत्र्याला सारखंच. घे उशी. सावकाश काढ, मान दुखते.

(ताई उशी उसवते.)

ताई : घे. मुठीएवढंही नाही. एवढ्यासाठी कुत्रं!

धाकटा : आई, मला माफ...

आई : पुरे. मी माफ करत बसले तर इथेच दिवस मावळेल. घाटात अंधार होतो, नीघ. आणि बारक्या, तसा नको जाऊस.

धाकटा : कसा?

आई : पाठ फिरवून. शेतात शिकवलं होतं तसा जा, मागे मागे सरकत. ओळ संपेपर्यंत तुझं तोंड दिसायचं मला.

धाकटा : असा?

आई : हं. अजून. आता हळू, मागे उंबरा आहे.