पूर्वेला तोंड केलेली कार्ट

आमच्या कॉलेजच्या रेसिंग कार्टनं मला जेवढं गरगरवलं, तेवढं जत्रेतल्या पाळण्यानंबी न्हाई. दुसऱ्या दिवशी लातूरला स्पर्धा होती. ब्रेकचे पाइप जोडायला मुदखेडहून आमचे मेकॅनिक गफ्फारचाचा आले. त्यांनी पाइपांची चाकांकडची टोकं बसवली, मोकळ्या टोकांसाठी 'वर्कशॉपच्या दाराकडचा पाइप पुढच्या ब्रेकचा' असं ध्यानात ठेवलं आणि जेवायला गेले.

तेवढ्यात कदम सर पूजेचं ताट घेऊन हजर. "अरे, गाडीचं तोंड पूर्वेला करा!"

आम्ही कार्ट उचलून उलट्या दिशेला फिरवली, नारळ फोडला. चाचा परत आले आणि दाराकडचा पाइप पुढच्या ब्रेकच्या सिलिंडरला, दुसरा मागच्या ब्रेकच्या सिलिंडरला जोडून मोकळे झाले.

मैदानात मी ब्रेक दाबला की मागची चाकं जाम, आणि कार्ट गर्रकन फिरायची.

"मागचा जोर कमी करा," सर म्हणाले. चाचांनी पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा बॅलन्सचा नट पिळला. मी दोन गिरक्या घेतल्या.

"अजून कमी!"

तीन गिरक्या.

"चाचा, हे उलटंच होऊन राहिलं!" मी ओरडलो.

चाचा वाकले, पाइपवरून बोट फिरवत गेले आणि ताठ उभे राहिले. "माझ्या मागं गाडी कुणी फिरवली?"

आम्ही सगळे सरांकडं बघायला लागलो.

चाचांनी पाइपांची अदलाबदल केली आणि लातूरला स्पर्धेच्या तपासनिसानं ब्रेक पास केले. पण कार्टवर पुढं 'तोंड' आणि मागं 'बूड' असं ठळक रंगवलेलं बघून त्यानं विचारलं, "हे कुणासाठी?"

चाचा म्हणाले, "सरांसाठी."